काखेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत

३० ऑगस्ट २०१५, बीजिंग. जागतिक अजिंक्यपद मैदानी स्पर्धेचा अखेरचा दिवस आणि महिलांची ४ बाय ४०० मीटर रिले. शेवटच्या टप्प्यात अमेरिकेची फ्रान्सिना मॅकोरी पुढे होती आणि तिच्या मागे होती जमैकाची तेहतीस वर्षांची नोव्हलीन विल्यम्स-मिल्स. वळण संपलं, सरळ रस्ता लागला, अंतर कमी होत गेलं आणि अगदी रेषेजवळ नोव्हलीनने तिला मागे टाकलं. सुवर्णपदक जमैकाला मिळालं. दोन संघांमधला फरक सेकंदाच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी होता.

त्याआधी तीन वर्षं, जून २०१२ मध्ये, लंडन ऑलिम्पिकसाठीची जमैकाची निवड चाचणी काही दिवसांवर आलेली असताना नोव्हलीनला स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं होतं. तिने ते मोजक्या माणसांनाच सांगितलं. ती चाचणीत धावली, लंडनला ४०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली, रिलेत पदक मिळवलं आणि मग शस्त्रक्रियांना सामोरी गेली. दोन्ही स्तन काढावे लागले. शेवटची शस्त्रक्रिया जानेवारी २०१३ मध्ये झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती पुन्हा जमैकाची राष्ट्रीय विजेती झाली.

बीजिंगच्या सुवर्णपदकापेक्षा मला जानेवारी ते जून हे पाच महिने जास्त थक्क करतात. तिच्या जिद्दीचं कौतुक जगाने केलं आणि ते योग्यच आहे. पण जिद्दीच्या हुकमावर जे चाललं ते शरीर होतं. छातीवरची ताजी शिवण, आखडलेले खांदे, महिनोन्‌महिने मोडलेला सराव, आणि तरीही त्या शरीराने सरावाला प्रतिसाद दिला. तो कसा दिला?

नोव्हलीन जागतिक दर्जाची धावपटू होती, तिची गोष्ट वेगळी, असं कोणी म्हणेल. पण आज पुण्यात, नाशकात, मुंबईत पहाटे धावणाऱ्यांच्या गटांत अशा बायका दिसतात ज्यांनी ऑपरेशन, किमो, रेडिएशनचा शेक आणि पुढे रोजच्या गोळ्या असा सगळा प्रवास केला आहे आणि आता ज्यांच्या छातीवर दहा किलोमीटरच्या शर्यतीचा बिब आहे. त्यांतल्या कित्येकींनी आजारापूर्वी बस पकडण्यापलीकडे कधी धाव घेतलेली नसते. त्यांच्या शरीरात काय घडतं, हे तर मला आणखी अद्भुत वाटतं. कारण कर्करोगाचा प्रत्येक उपचार शरीरात आपापली वेगळी खूण ठेवून जातो, आणि धावणारी बाई त्या सगळ्या खुणा बरोबर घेऊनच धावत असते.

पहिली खूण काखेत असते.

आपल्या प्रत्येक काखेत साधारण वीस ते तीस लसिकाग्रंथी असतात. रक्तवाहिन्यांतून पेशींच्या मधल्या जागेत सतत थोडं पाणी आणि प्रथिनं पाझरत असतात. त्यातलं जे रक्तात थेट परतत नाही ते लसिकावाहिन्या गोळा करतात आणि या ग्रंथींतून गाळून पुन्हा रक्तात सोडतात. या व्यवस्थेला हृदयासारखा मध्यवर्ती पंप नाही. वाहिन्यांच्या भिंती स्वतःच थोड्या थोड्या वेळाने आकुंचन पावतात, आत एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात, आणि आजूबाजूचे स्नायू हलले की वाहिन्या दाबल्या जाऊन द्रव पुढे सरकतो. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या या ग्रंथी तपासाव्या किंवा काढून टाकाव्या लागतात. शेकामुळे उरलेल्या वाहिन्यांवरही व्रण येऊ शकतात. मग काही जणींच्या हातात द्रव साचतो, हात जड होतो, सुजतो, बांगडी घट्ट होते. ही सूज ऑपरेशननंतर काही महिन्यांनी येऊ शकते, तशी काही वर्षांनीही.

या सुजेच्या भीतीने जगभरातल्या डॉक्टरांनी बायकांना अनेक दशकं एकच सल्ला दिला : त्या हाताने काही जड उचलू नका. आपल्याकडे याचा अर्थ पाण्याची बादली नको, दळणाचा डबा नको, नातवाला कडेवर घेणं नको. सल्ला काळजीपोटीच होता आणि ऐकायला अगदी तर्कशुद्ध होता. स्नायूंनी काम केलं की रक्तप्रवाह वाढतो, म्हणजे पाझर वाढणार, आणि निचऱ्याची वाट तर अरुंद झालेली. फक्त हा सल्ला कोणी नीट तपासून पाहिलेला नव्हता.

१९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात तो तपासला गेला, तोही समुद्राच्या पाण्यावर. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या चोवीस बायका जमवल्या आणि त्यांना ड्रॅगन बोट वल्हवायला शिकवलं. ही चिनी परंपरेतली लांब, निमुळती नाव असते. दोन्ही बाजूंना जोडीजोडीने बसलेले वल्हेकरी ढोलाच्या ठेक्यावर एकाच वेळी पाणी मागे ढकलतात. खांदा, दंड, पाठ आणि छाती यांना याहून जास्त राबवणारा, तीच हालचाल शेकडो वेळा करायला लावणारा व्यायाम शोधून सापडणार नाही. म्हणजे ज्या ज्या गोष्टीची मनाई होती ती सगळी या एका खेळात होती आणि मॅकेन्झींनी नेमका म्हणूनच तो निवडला. अर्थात बायकांना थेट बोटीत बसवलं नाही. आधी व्यायामशाळेत हळूहळू ताकद वाढवली, हातांची मापं घेतली, लक्ष ठेवलं. मोसम संपला तेव्हा एकीच्याही हातावर नव्याने सूज आलेली नव्हती आणि जिला आधीपासून होती तिची वाढलेली नव्हती. १९९८ मध्ये त्यांनी हा अनुभव कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात मांडला. आज अनेक देशांत अशा बायकांचे ड्रॅगन बोट संघ आहेत.

चोवीस बायकांवरून वैद्यकशास्त्र बदलत नाही, बदलूही नये. पण प्रश्न विचारायची वाट मोकळी झाली. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कॅथरिन श्मिट्झ यांनी हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायकांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाने वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, दुसऱ्याने आपलं नेहमीचं आयुष्य चालू ठेवलं. २००९ मध्ये निष्कर्ष आला : वजनं उचलणाऱ्यांच्या हाताची सूज वाढली नाही. उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात निम्म्याने कमी होते, २९ टक्क्यांऐवजी १४ टक्के. असं का झालं असावं, याची कल्पना लसिकावाहिन्यांची रचना आठवली की येते. पंप नसलेल्या व्यवस्थेचा पंप स्नायूच असतो. शिवाय ताकद वाढलेल्या हाताला तीच बादली हलकी वाटते, त्यामुळे रोजच्या कामाचा ताण त्याच्या आवाक्यात राहतो.

यातली अट मात्र विसरू नये. सुरुवात अगदी हलक्या वजनाने, वाढ इंच इंच, देखरेख जाणत्या माणसाची, आणि सूज असलेल्या हाताला मापाने शिवलेली दाबाची बाही. मनाई चुकीची ठरली म्हणजे घिसाडघाई बरोबर ठरत नाही.

धावण्याबद्दलच्या लेखात हाताचं एवढं पुराण कशाला, असं वाटेल. पण धावताना हात पायांइतकेच कामावर असतात. उजवा पाय पुढे गेला की कमरेला एक पीळ बसतो आणि मागेपुढे झुलणारे हात तो पीळ उलट दिशेने सोडवतात. कोलोराडो विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर अरेलानो आणि रॉजर क्रॅम यांनी २०१४ मध्ये हे मोजून दाखवलं. त्याच वेगाने धावताना हात पाठीमागे धरले तर सुमारे ३ टक्के जास्त ऊर्जा लागली, छातीवर घडी घातली तर ९ टक्के आणि डोक्यावर ठेवले तर १३ टक्के. आता ऑपरेशननंतरचं शरीर डोळ्यांपुढे आणा. जखमेच्या बाजूचा खांदा आपसूक पुढे झुकतो, हात अंगाशी चिकटून राहतो. काही जणींच्या काखेतून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत, कातडीखाली तंतूसारख्या ताठ दोऱ्या उठतात आणि हात वर केला की त्या ओढल्या जातात. पोटाचा किंवा पाठीचा भाग वापरून स्तनाची पुनर्रचना केली असेल तर धड सावरणारे स्नायूही बदललेले असतात. म्हणून अशा बाईचा धावण्याचा सराव बुटांच्या आधी भिंतीपाशी सुरू होतो : बोटांनी भिंतीवर चढत चढत हात वर नेणं, खांदे फिरवणं, खोल श्वास. फिजिओथेरपिस्टने दिलेला हा कंटाळवाणा व्यायाम म्हणजे धावण्याचाच पहिला आठवडा असतो.

दुसरी खूण हृदयात. तिची सुरुवात होते दक्षिण इटलीतल्या मातीत. तिथे आपुलिया प्रांतात टेकडीवर सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तेराव्या शतकात बांधलेला कास्तेल देल मोंते नावाचा अष्टकोनी किल्ला आहे. १९५०च्या दशकात इटालियन संशोधकांनी त्या परिसरातल्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला. तो लालभडक रंगद्रव्य तयार करत होता आणि त्या रंगात कर्कपेशी मारण्याची ताकद होती. त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणातून पुढे डॉक्सोरुबिसिन मिळालं. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन हे नाव पडलं. किमोच्या खोलीत बसलेल्या बायका त्याला ‘लाल औषध’ म्हणून ओळखतात, कारण ते नळीतून तसंच लाल उतरतं आणि लघवीलाही रंग देतं.

या औषधाने असंख्य जीव वाचवले आहेत. पण ते हृदयाच्या स्नायूंनाही इजा करू शकतं, आणि हृदयाच्या पेशी फार थोड्या प्रमाणात नव्याने तयार होतात. म्हणून आयुष्यभरात ते एकूण किती द्यायचं याला मर्यादा आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या चार मात्रांमध्ये ती गाठली जात नाही, तरी आधी आणि नंतर इको काढून हृदयाची ताकद पाहतात. हर्टू (HER2) प्रकारच्या कर्करोगात दिलं जाणारं ट्रास्टुझुमॅबही हृदयाचं काम मंदावू शकतं. ते बहुतेक वेळा औषध थांबवल्यावर पूर्वपदावर येतं.

उपचारांनी दम किती जातो? ली जोन्स या अमेरिकी संशोधकाच्या गटाने २०१२ मध्ये २४८ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कष्टाच्या शिखरावर शरीर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकतं हे त्यात मोजलं होतं. स्तनाचा कर्करोग झालेल्या या बायकांमध्ये ते प्रमाण त्यांच्याच वयाच्या निरोगी, पण व्यायाम न करणाऱ्या बायकांपेक्षा सरासरी २७ टक्के कमी होतं. जिना चढून धाप लागली की घरचे ‘अजून अशक्तपणा आहे’ म्हणतात, तो अशक्तपणा असा मोजता येतो.

आणि इथेच मला शरीराबद्दल खरा आदर वाटू लागतो. प्राणवायू हवेतून स्नायूंपर्यंत पोचवणारी ही मोठी साखळी आहे : फुप्फुसं, तांबड्या पेशी, हृदयाचा प्रत्येक ठोका, स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि शेवटी पेशींतल्या मायटोकाँड्रिया. उपचार आणि अंथरुणावरचे महिने यांनी जवळजवळ प्रत्येक कडी झिजते. पण नियमित व्यायामाने यातल्या बहुतेक कड्या सुधारतात, प्रत्येक आपापल्या चालीने. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, त्यामुळे हृदयाला प्रत्येक ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलता येतं. काही आठवड्यांत स्नायूंतल्या मायटोकाँड्रिया वाढतात. केशवाहिन्यांचं जाळं त्याहून सावकाश दाट होतं. मेलेली हृदयपेशी धावण्याने परत येत नाही, हे खरं आहे. पण उरलेल्या हृदयाला कमी कष्टात जास्त काम करता येईल अशी व्यवस्था बाकीचं शरीर उभी करतं.

रक्ताचा हिशेब तर विलक्षण आहे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. किमोने थोपवलेली अस्थिमज्जा सावरली की नव्या पेशी येत राहतात, जुन्या निवृत्त होत राहतात. शेवटच्या किमोनंतर चारेक महिन्यांनी मैदानावर उतरलेल्या बाईच्या अंगात फिरणारी जवळजवळ प्रत्येक तांबडी पेशी औषध थांबल्यानंतर जन्मलेली असते.

तिसरी खूण पायाच्या बोटांत उतरते, आणि तिच्या कथेत महाराष्ट्राचा माणूस आहे. नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या संशोधनसंस्थेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. १९६२ मध्ये अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या एका सावकाश वाढणाऱ्या झाडाची साल गोळा केली गेली होती. त्या सालीतला कर्करोगविरोधी घटक वॉल आणि वाणी यांनी वेगळा काढला आणि १९७१ मध्ये त्याची रचना जाहीर केली. तोच पॅक्लिटॅक्सेल. स्तनाच्या कर्करोगात आज जगभर तो दिला जातो.

तो काम कसा करतो हे १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉरविट्झ यांनी दाखवलं. पेशीत सूक्ष्म नळ्यांचं जाळं असतं. पेशी दुभंगताना या नळ्या भराभर जोडाव्या आणि मोडाव्या लागतात. पॅक्लिटॅक्सेल त्यांना घट्ट गोठवतो, नळ्या मोडत नाहीत आणि कर्कपेशीचं विभाजन अर्ध्यावर अडकतं. पण याच नळ्या मज्जापेशीतही असतात, आणि तिथे त्यांचं काम रेल्वेच्या रुळांचं असतं. पायाच्या अंगठ्याची संवेदना आणणाऱ्या मज्जापेशीचा मुख्य भाग पाठीच्या कण्यापाशी असतो आणि तिचा धागा तिथून अंगठ्याच्या टोकापर्यंत जातो. एकच पेशी, सुमारे मीटरभर लांब! टोकाला लागणारा बराचसा माल कण्यापाशी तयार होतो आणि या रुळांवरून खाली जातो. जलद माल दिवसाला चाळीसेक सेंटीमीटर सरकतो, म्हणजे अंगठ्यापर्यंत पोचायला दोन-तीन दिवस. संथ माल दिवसाला काही मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. रुळांवरच काहीतरी बिघडलं की सगळ्यात आधी उपाशी राहतं ते सगळ्यात लांबचं ठिकाण. म्हणून मुंग्या आणि बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होतो, मग तळवा, मग हाताची बोटं.

धावणाऱ्या माणसाला जमीन तळव्यातून कळते. खडा, उतार, निसरडी फरशी यांची बातमी मेंदूला जाते आणि घोटा क्षणार्धात सावरतो. ही बातमी अस्पष्ट झाली की बाईला आपला पाय नेमका कुठे पडला ते पाहिल्याशिवाय कळत नाही. बहुतेक जणींत हा बधिरपणा हळूहळू कमी होतो, काहींत थोडा कायम राहतो. दिवसाला मिलिमीटरच्या चालीने होणाऱ्या दुरुस्तीला एवढ्या लांब पेशीत महिनोन्‌महिने लागणारच. तोवर सराव उजेडात, सपाट मैदानावर किंवा ट्रॅकवर करावा. भिंतीचा आधार हाताशी ठेवून एका पायावर उभं राहण्याचा सराव इथे फार मोलाचा आहे, कारण शाबूत असलेल्या संवेदना, घोट्याच्या, गुडघ्याच्या, डोळ्यांच्या, आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाच्या, मेंदू जास्त बारकाईने वापरायला शिकतो. बूट बोटांपाशी ऐसपैस हवेत. आणि घरी आल्यावर पाय डोळ्यांनी तपासायचे, कारण फोड आला तरी दुखेलच असं नाही.

हाडं आणि सांधे यांबद्दल थोडक्यात सांगते. हार्मोनवर वाढणाऱ्या कर्करोगात पाच-दहा वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात. त्यांतल्या लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्या शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ संपवतात. सकाळी उठल्यावर बोटं, गुडघे आखडलेले असतात आणि हाडांची घनता घटते. अशा दुखऱ्या सांध्यांनी हालचाल करावी का? येल विद्यापीठातल्या मेलिंडा अर्विन यांनी १२१ बायकांवर पाहिलं : आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजनं, असं वर्षभर केल्यावर सर्वांत तीव्र सांधेदुखी सरासरी २९ टक्क्यांनी कमी झाली. दुखतं म्हणून कित्येक जणी गोळ्या मध्येच सोडतात, आणि या गोळ्याच तर आजार परतू नये म्हणून असतात. त्यामुळे मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो.

मग तो थकवा. उपचारांनंतरचा थकवा झोपेने जात नाही, आठ तास झोपून उठलेली बाई न झोपल्यासारखीच उठते. घरचं माणूस प्रेमाने म्हणतं, ‘पडून राहा, मी करते सगळं.’ २०१७ मध्ये कॅरेन मस्टियन आणि सहकाऱ्यांनी ११३ चाचण्यांमधल्या साडेअकरा हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र तपासली. या थकव्यावर व्यायाम आणि मानसोपचार हे औषधांपेक्षा चांगले उतरले. तेव्हा पडून राहा म्हणणाऱ्या त्या प्रेमळ माणसाने चपला घालून तिच्याबरोबर सोसायटीला एक फेरी मारावी, हे जास्त उपयोगी.

धावण्याने कर्करोगच आटोक्यात राहतो का? कोपनहेगनमध्ये पेर्निले होयमन यांच्या गटाने २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवलं की उंदीर रात्रभर आपखुशीने धावतात. धावणाऱ्या उंदरांच्या गाठी न धावणाऱ्यांपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक कमी वाढल्या. कारण शोधलं तेव्हा दिसलं, की धावताना सुटणाऱ्या ॲड्रेनॅलिनमुळे ‘नॅचरल किलर’ नावाच्या प्रतिकारपेशी रक्तात उतरतात आणि कामाला लागलेल्या स्नायूंतून येणाऱ्या इंटरल्यूकिन-६ या रेणूच्या मदतीने गाठीत शिरतात. माणसातही जोरकस व्यायाम सुरू होताच काही मिनिटांत या पेशींची रक्तातली संख्या कित्येक पटींनी वाढते आणि व्यायाम थांबल्यावर लवकरच उतरते.

पण उंदीर तो उंदीर. माणसांमध्ये, अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात, स्तनाचा कर्करोग झालेल्या २,९८७ जणींची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला तीन ते पाच तास चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांत या आजाराने होणारे मृत्यू सर्वांत कमी हालचाल करणाऱ्यांच्या सुमारे निम्मे होते. त्याहून जास्त व्यायामाने जास्त फायदा झाला, असं मात्र त्यात दिसलं नाही. आणि ही पाहणी होती, मुळात ठणठणीत असलेल्याच जास्त चालत असतील ही शक्यता उरते. दोन गट पाडून केलेली मोठी चाचणी २०२५ मध्ये आली ती मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची. त्यात ८८९ रुग्ण होते. तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी आठ वर्षांनी ९० टक्के हयात होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांपैकी ८३ टक्के. आतड्याचा निष्कर्ष स्तनाला जसाच्या तसा लावता येत नाही, पण दिशा उत्साह वाढवणारी आहे.

यावरून दोन गोष्टी मी आग्रहाने म्हणेन. जगण्यासाठी मॅरेथॉन लागत नाही, चालणं पुरतं. शर्यत धावायची ती धावण्याच्या आनंदासाठी. आणि जिचा आजार परततो तिच्याकडे कोणीही, तिने स्वतःसुद्धा, ‘व्यायामात कमी पडले’ अशा नजरेने पाहू नये. कर्करोग कुणाच्या आळसाची शिक्षा म्हणून येत नाही आणि कुणाच्या शर्यतींचा मान राखून जातही नाही.

आता ज्यांना धावायचंच आहे त्यांच्यासाठी. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम, आठ ते बारा आठवडे, हे प्रमाण दिलं आहे. थकवा, उदासी, चिंता यांवर एवढ्यानेही फरक पडतो. धावणं याच पायावर उभं करायचं. आधी सलग अर्धा तास चालता यावं, मग एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल. अमेरिकेचे माजी ऑलिम्पिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी रुजवलेली ही धाव-चाल पद्धत पूर्ण मॅरेथॉनपर्यंत चालते आणि तिच्यात कमीपणा काही नाही. नाडीचे आकडे काही काळ बाजूला ठेवा, कारण उपचारांनंतर हृदयाचे ठोके विश्रांतीतही जलद असू शकतात. धावता धावता शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं की वेग बरोबर. तयार तक्त्यात दर आठवड्याला अंतर वाढतं. इथे एखादा आठवडा मागे जाईल, हे गृहीत धरूनच शर्यतीची तारीख निवडावी. अंगातून अचानक उठणाऱ्या गरम वाफा आणि मुंबईचा दमटपणा एकत्र आले तर पहाटेची वेळच बरी.

पहिली शर्यत पाच किलोमीटरची पुरे. मिलिंद सोमण यांनी २०१२ मध्ये मुंबईत सुरू केलेली पिंकेथॉन खास बायकांसाठी आणि स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृती व्हावी म्हणूनच आहे. तिथे पहिल्यांदा धावणारीला एकटं वाटत नाही. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन पुढच्या वर्षासाठी ठेवता येते.

ताप असेल, रक्तातले काउंट घसरलेले असतील, छातीत दुखत असेल, एकाच पायाची पोटरी सुजली असेल किंवा हाडात नवं, रात्री जागवणारं दुखणं सुरू झालं असेल, तर त्या दिवशी बूट घालायचे नाहीत, डॉक्टरांना फोन करायचा. हात नेहमीपेक्षा जड वाटला किंवा अंगठी रुतू लागली तरीही. आजार हाडांपर्यंत गेलेला असेल तर धावायचं की नाही हे फक्त तज्ज्ञच ठरवू शकतात.

पुढच्या फॉलोअपला जाताना मात्र फाइलबरोबर एक कागद न्यावा. काखेतल्या किती ग्रंथी काढल्या? लाल औषध एकूण किती गेलं? शेवटच्या इकोत हृदयाची ताकद किती टक्के आली? हाडांची घनता शेवटची कधी मोजली? हिमोग्लोबिन किती आहे? ही उत्तरं सरावाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि कोच, फिजिओथेरपिस्ट, शर्यतीआधी तपासणारे डॉक्टर, सगळ्यांना दाखवा. आठवड्याचे किलोमीटर दुसऱ्या पानापासून लिहायला घ्या.